आतल्या बाजूची गाठ

दुखायला लागलं की नुसतं 'बस' म्हणा, मी तिथल्या तिथे थांबते, असं मी त्याला सांगितलं आणि तो हसला. हे वाक्य मी रोज म्हणते. खांद्याचे पेशंट पहिल्या दिवशी धास्तावलेले असतात. कुणी मान डोलावतं, कुणी हळूच विचारतं की खूप दुखणार का, कुणी उगाच बढाई मारतं की आपल्याला काही दुखत-बिखत नाही. हसत मात्र कुणी नाही. आणि हे हसणं ओळखीचं होतं. वरचा ओठ डावीकडून जरा उचलला गेला आणि तिथेच अडकून राहिला, डोळ्यांपर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. याच हसण्याचा फोटो सगळ्या वर्तमानपत्रांनी छापला होता. कोर्टाच्या पायऱ्यांवर, दोन पोलिसांच्या मधे, हसणारा. बघा, हसतोय कसा, असं सगळं शहर म्हणालं होतं. माझी आई म्हणाली होती, मीही म्हणाले होते. तेव्हा त्याला दाढी होती, केस दाट होते. आता टक्कल पडलं होतं, गाल आत गेले होते, आणि कागदावरचं नाव असं होतं की शहरात कुठल्याही गल्लीत सापडेल, म्हणून मी त्याच्याकडे लक्षही दिलं नव्हतं. हसला नसता तर मी त्याला ओळखलं नसतं. त्याचा उजवा हात कोपराखाली धरून मी उभी होते, आणि माझ्या भावाला मारणारा माणूस शर्ट काढून माझ्यासमोर रेक्झिनच्या गादीवर पाठीवर पडला होता.

शेकाचं पॅड आणते म्हणून मी पडद्याबाहेर गेले. बाहेर सगळं नेहमीसारखं होतं. भिंतीवरच्या लाकडी पट्टीवर एक आजीबाई बोटांनी एकेक खाच वर चढत होत्या आणि वर गेल्या की माझ्याकडे बघून शाबासकी मागत होत्या. छतावरच्या कप्पीची दोरी ओढत रिटायर्ड हेडमास्तर पलीकडच्या गुडघेवाल्याला महागाई समजावून सांगत होते. मी पॅडच्या टाकीचं झाकण उघडलं, वाफ तोंडावर आली, आणि त्या वाफेत उभी राहून मी मनाशी म्हणाले, सापडलास. एवढंच. हातपाय कापले नाहीत, डोळ्यांपुढे अंधारी आली नाही. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला माझी बोटं दहाच्या दहा जाणवली. मी वीस वर्षं खांद्यांवर काम करते आहे. कुठल्या अंशाला काय ताणलं जातं, कुठे दुखतं आणि दिसत नाही, कुठे थांबलं तर उपचार आणि कुठे थांबलं नाही तर इजा, हे मला झोपेतही सांगता येईल. असा माणूस कुणी घरपोच आणून दिला तर काय म्हणायचं.

माझा भाऊ बारक्या वजनकाटे दुरुस्त करायचा, घाऊक बाजारात. आम्ही त्याला बारक्या म्हणायचो कारण तो होताच बारका, मिशी फुटून पाच-सहा वर्षं झाली तरी माझ्या खांद्याला लागायचा, आणि त्या अंगाने तो लोखंडी मापांनी भरलेली पिशवी खांद्यावर टाकून बाजारभर हिंडायचा. काटा खोटा मारतो की खरा, हे मालकाच्या तोंडावर सांगायचा आणि म्हणून त्याला काम कमी मिळायचं. त्या दिवशी तो धान्याच्या गाळ्यासमोर मोठ्या काट्याखाली पाठीवर झोपून स्प्रिंग बदलत होता. पिशवी त्याच्या डोक्यापाशी होती. मग तो आवाज झाला, जो आम्हाला घरी ऐकू आला आणि आई म्हणाली, कुठे टायर फुटला वाटतं. तिघं-चौघं जागीच गेले, बारक्या त्यातला एक. चौकीवरून आम्हाला त्याचा पट्टा आणि घड्याळ मिळालं. पिशवी मिळाली नाही. आई तीनदा जाऊन आली, बंद खिडकीपाशी उभी राहून सांगून आली की निळी पिशवी आहे, त्यात त्याची हत्यारं आहेत, माझ्या हातची आहे ती. आतला माणूस दर वेळी म्हणाला, बाई, अशी काही पिशवी मिळालेली नाही. आईला हत्यारं नको होती. त्या पिशवीचा एक बंद वजनाने तुटला होता आणि तिने तो शिवून वर दोरी गुंडाळून दिला होता, ते शेवटचं काम तिने त्याच्यासाठी केलेलं. तेवढ्यासाठी ती जात होती.

चार-पाच दिवसांत याला पकडलं. वायरमन होता, बाजाराच्या छताचं वायरिंग महिन्याभरापूर्वी यानेच केलं होतं, म्हणजे आत-बाहेरची सगळी माहिती. टीव्हीवर एक गणवेशातला माणूस आला आणि म्हणाला की दुसरा बॉम्ब कुठेतरी ठेवलेला आहे, आरोपीला तो ठाऊक आहे, आणि चौकशी कडक पद्धतीने चालू आहे. कडक म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मग सगळं शहर तो एकच हिशेब मांडत बसलं, एका माणसाचे हाल करून शंभर माणसं वाचत असतील तर करावेत की नाही. हेडमास्तर तेव्हा दुसऱ्या खांद्यासाठी यायचे. ते म्हणायचे, तत्त्व म्हणून चूक, पण प्रसंग म्हणून बरोबर, आणि कप्पी ओढायचे. काउंटरवरची बाई म्हणायची, माझी पोरगी त्या रस्त्याने शाळेत जाते, मला तत्त्व सांगू नका. लोक अपराधी चेहऱ्याने बोलायचे, शंभर माणसांच्या आडून बोलायचे. मला त्याचं हसू यायचं. मला शंभर माणसं नकोच होती. दुसरा बॉम्ब असो की नसो, कुणी वाचो की न वाचो, मला तो माणूस ओरडायला हवा होता, आणि ओरडून झाल्यावर पुन्हा ओरडायला हवा होता. कुणी विचारलं असतं की योग्य आहे का, तर मी म्हणाले असते, योग्य-अयोग्य तुमचं तुम्ही बघा, मला फक्त कळवा की झालं. पण शहराला निमित्त लागत होतं आणि दुसरा बॉम्ब ते निमित्त पुरवत होता. मग त्याने तोंड उघडलं. कबूल केलं, बॉम्बची पिशवी मीच ठेवली. दुसरा बॉम्ब म्हणून त्याने एका शाळेचं मैदान सांगितलं. ते सगळं खणलं, काही निघालं नाही, तर म्हणाले की साथीदारांनी हलवला असणार. आम्ही तेही मानलं. आणि काही वर्षांनी वरच्या कोर्टाने पुरावा अपुरा म्हणून त्याला सोडून दिलं. ज्या दिवशी सोडलं त्या दिवशी आईने टीव्ही बंद केला, तो परत लावला नाही.

मी पॅड घेऊन आत गेले. त्याच्या खांद्यावर ठेवण्याआधी नीट बघितलं, कारण आता मला बघायचं होतं. पडून मोडलेला खांदा निराळा असतो, मार लागलेला निराळा. याचे दोन्ही सारखेच गेले होते, समोरून सैल आणि मागून आखडलेले, आणि बाहेरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढी जागा बधिर. टाचणी टोचली तरी कळत नव्हतं. मनगटांवर जुने पांढरे वळ. हात मागे बांधायचे, आणि मग मागूनच वर उचलायचे, माणसाचं सगळं वजन त्या दोन सांध्यांवर. टीव्हीवरच्या त्या एका शब्दाचा अर्थ आता माझ्या बोटांखाली होता. मला बरं वाटलं. लपवून काय करू. मी मनात म्हणाले, केलं होतं तर खरंच, आणि नीट केलं होतं. शेकाखाली कसं वाटतं असं विचारलं तर तो म्हणाला, छान आहे ताई. दुखणं शून्य ते दहामधे किती, असं आम्ही सगळ्यांना विचारतो. त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "किती सांगू?"

मला तो उद्धटपणा वाटला. माझी थट्टा करतोय असं वाटलं आणि मी मनात आठ लिहिले, कागदावर पाच. त्याला काय हवंय तेही मी विचारलं, म्हणजे हाताने काय करता यायला हवं, हे आम्हाला विचारावं लागतं. तो म्हणाला, छतापर्यंत गेला पाहिजे. पंखा लावता आला की पोट चालेल, खालचं काम हल्ली पोरं करतात.

घरी आई मटार सोलत होती. खिडकीपाशी तिची खुर्ची असते, आणि त्या खिडकीचा पडदा एकाच बाजूला बांधलेला असतो. दुसरी बाजू मोकळी लोंबते, कारण तिकडची दोरी तिने कधीचीच कापून घेतली आणि नवी आणली नाही. मी चप्पल काढता काढता सांगितलं की तो आला होता, तोच, माझ्याकडे, खांदे दाखवायला. तिने शेंग फोडली, दाणे अंगठ्याने खाली लोटले. मग म्हणाली, "उजवा की डावा?"

"दोन्ही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली. माझी आई तशी मऊ बाई. दारात मांजर व्यायली तर तिला गोधडी देणारी. पण त्या एका जागी तिच्यात दगड आहे आणि तो दगड मला ओळखीचा आहे, माझ्यातही तोच आहे. थोड्या वेळाने तिने विचारलं की तो परत कधी येणार, किती दिवस येणार, आणि माझं उत्तर ऐकून म्हणाली, मग विचार त्याला. काय विचारू, असं मी म्हणाले. ती माझ्याकडे न बघता बोलली. "पिशवी ठेवताना बारक्याला बघितलं होतं का, ते विचार. खाली झोपला होता माझा मुलगा. त्याला बघून ठेवली की न बघता, एवढंच मला कळायला हवं."

मला वाटतं एवढ्या वर्षांत तिने या एकाच गोष्टीवर झोप घालवली होती. न्याय, कोर्ट, देश, यातलं तिला काही नको होतं. बघून की न बघता. उत्तर मिळालं असतं तर तिने ते शेंगांसारखं फोडून ठेवलं असतं कुठेतरी आणि मग कदाचित मेली असती शांतपणे. आणि ते उत्तर आठवड्यातून तीनदा माझ्या हाताखाली येऊन पडणार होतं.

आमच्या धंद्यात एक गंमत आहे. आखडलेला खांदा मोकळा करताना शेवटचे काही अंश फार वाईट असतात. तिथे हात धरून ठेवावा लागतो, पेशंटने श्वास कोंडू नये म्हणून मी त्याला काहीतरी विचारत राहते. घरी कोण असतं, मुलं किती, कुठे शिकलात. आणि तिथे माणसं काय वाटेल ते बोलतात. हेडमास्तरांनी मुलं किती या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर दिलं होतं, त्यांना तीन आहेत. एका लग्न ठरलेल्या मुलीने होणाऱ्या नवऱ्याचं म्हणून भलतंच नाव सांगितलं आणि मग तिने माझ्याशी नजरच मिळवली नाही. एक बँकेतला गृहस्थ प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचा, मी विचारलं तुम्ही बाई आहात का, तर म्हणाला हो. त्या टोकाला आलं की माणूस हो म्हणतो, कारण तोंडातून बाहेर काढायला तोच सगळ्यांत सोपा शब्द असतो. हे किस्से मी घरी सांगायचे आणि बारक्या लोळून हसायचा. मग जमिनीवर पाठीवर पडून हात वर करायचा, पिरगळ म्हणायचा, आता विचार, राजाचा मुलगा आहेस का. मी पिरगळायचे. हो, आहे, आहे, सोड, असं तो किंचाळायचा, आणि आई आतून ओरडायची की पुरे झाला तुमचा तमाशा. हे सगळं मला ठाऊक होतं. रोज डोळ्यांसमोर घडत होतं. तरी त्याने कबूल केलं हे वाचलं तेव्हा माझ्या मनाला एकदाही ते शिवलं नाही, कारण तो हेडमास्तर नव्हता, तो मारेकरी होता, आणि मारेकऱ्याला दुखलं की खरं बाहेर पडतं असं मी कुठेतरी धरून चालले होते.

पहिले काही दिवस मी त्याला काहीच विचारलं नाही. काम केलं, नियमाप्रमाणे केलं, आणि वर एक चिमूटभर जास्त केलं. नियमाने जिथे सोडायचं तिथे मी एक श्वास उशिरा सोडायचे. कुणी बघितलं असतं तरी कळलं नसतं. त्याला कळत होतं. पण 'बस' तो एकदाही म्हणाला नाही. घाम यायचा, पायाची बोटं वळायची, जबडा आत-बाहेर व्हायचा, आणि शब्द यायचा नाही. मी वाट बघायचे. तो म्हणेल आणि मी ऐकलं न ऐकलंसं करीन, असं मी ठरवून ठेवलं होतं, आणि तो म्हणतच नाही म्हणून मी रात्री जेवताना चिडलेली असायचे. आई रोज विचारायची, विचारलंस? मी म्हणायचे, अजून नाही, जरा हात मोकळा होऊ दे. हे वाक्य आम्ही दोघी इतक्या सहज बोलायला लागलो की जणू त्याच्या बरं होण्याचीच आम्हाला घाई होती.

मग एका दुपारी काउंटरवरची बाई जेवायला गेली होती, बाकीचे पलंग रिकामे होते. पंखा चालू होता आणि तो छताच्या पंख्याकडे बघत होता, धंदेवाईक नजरेने, बेअरिंग गेलंय म्हणाला. मी त्याचा उजवा हात बाजूला घेतला, कोपरात वाकवला, आणि मागे फिरवत फिरवत शेवटच्या अंशांपर्यंत नेला. तिथे थांबले नाही. माझं वजन त्यावर टाकलं. त्याने डोळे मिटले. मी वाकून त्याच्या कानाशी, पेशंटशी बोलतात त्या आवाजात विचारलं.

"बाजारात पिशवी तुम्ही ठेवलीत?"

"हो."

इतक्या लगेच म्हणाला. इतकी वर्षं ज्यासाठी थांबले ते असं दारातच उभं होतं. मी हात सोडला नाही. "तिथे एक मुलगा काटा दुरुस्त करत होता. त्याला बघितलं होतं?"

"हो."

बघून ठेवली होती. आईला आता हे घरी जाऊन सांगायचं होतं. माझ्या अंगातून काहीतरी गरम वर आलं आणि मी अजून थोडं दाबलं. त्याच्या खांद्यात आत काहीतरी सरकल्याचं मला तळव्याला कळलं. "कसा होता तो?"

"तुम्ही म्हणाल तसा."

"उंच होता?"

"हो. उंच."

बारक्या माझ्या खांद्याला लागायचा. मला ते ऐकू आलं, कळलं, आणि तरी मी थांबले नाही. हे मी इथे स्पष्ट सांगते आहे, कारण मला नंतर कुणी विचारलं तर मी म्हणू शकणार नाही की कळलं नव्हतं. मला थांबायचंच नव्हतं. प्रश्न संपत आले होते आणि हात अजून माझ्याकडे होता, म्हणून मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, पिशवी कसली होती. आणि इथे तो माझ्यासाठी थांबलाच नाही. पाढे म्हणावेत तसा सुटला. "निळी. जाड कापडाची. दोन बंद. एका बंदाला लाल दोरी गुंडाळलेली. दोरीची गाठ आतल्या बाजूला."

हात माझ्या हातातून सुटला. मी सोडला नाही, सुटला. तो गादीच्या कडेवरून खाली लोंबला आणि त्याने दुसऱ्या हाताने तो उचलून पोटावर ठेवला. आमच्या पडद्याची दोरी लाल आहे. आईने ती कापली, बंदावर घट्ट गुंडाळली, आणि बारक्याने उचलून बघितल्यावर म्हणाला, गाठ टोचते गं तळव्याला, तेव्हा तिने सगळी सोडून परत गुंडाळली आणि गाठ आतल्या बाजूला घेतली. आम्ही तिघं त्या खोलीत होतो. चौथं कुणी नव्हतं.

मी विचारलं, गाठ कुठल्या बाजूला? आतल्या, तो म्हणाला. मी विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? त्याने माझ्या हातांकडे बघितलं, मग स्वतःच्या. मग म्हणाला, "हात वर घेऊ का?"

"नको. तसंच सांगा."

हे त्याला जमत नव्हतं. त्याचा ओठ डावीकडून उचलला गेला आणि अडकून राहिला, आणि मला दिसलं की याला मी हसणं म्हणत होते. मग तुकड्या-तुकड्याने सांगितलं. त्यांना पिशवीचा रंग हवा होता. तो आधी काळी म्हणाला, मग तपकिरी म्हणाला, कारण काळी चालली नाही. मग खाकी. मग त्यांच्यातलाच एक जण वैतागला आणि आत जाऊन पिशवी घेऊन आला, टेबलावर ठेवली. अर्धीच होती, जळलेली, पण बंद शाबूत होते. नीट बघ, म्हणाले. त्याने नीट बघितली. त्याला ती इतकी आवडली, तो म्हणाला, आवडली म्हणजे, ती होती ना समोर, काही सुचवावं लागत नव्हतं. त्यानंतर कुणी विचारलं की तो तीच सांगायचा. आतल्या बाजूची गाठसुद्धा सांगायचा, म्हणजे त्यांना वाटेल की खरंच माहीत आहे. एवढं बोलून तो थांबला आणि अगदी हळू विचारलं, "ताई, तुम्ही त्यांच्याकडच्या का?"

मी नाही म्हणाले. बरं, असं तो म्हणाला, आणि त्याला ते पटलेलं नव्हतं.

त्या दिवशी मी चालत घरी गेले. रस्त्यात माणसं होती, हातात पिशव्या होत्या, प्रत्येक पिशवीकडे मी बघत होते. कुणाला वाटेल मला त्याची दया आली असेल. नाही आली. दयेला जागाच नव्हती, सगळी जागा संतापाने भरली होती, आणि तो संताप आता घर चुकल्यासारखा फिरत होता, कुठे बसावं ते त्याला कळत नव्हतं. त्यांनी माझ्या भावाची पिशवी उचलली, माझ्या आईला सांगितलं मिळाली नाही, आणि ती एका वायरमनच्या गळ्यात घातली. काट्याखाली ठेवलेली पिशवी कुणीतरी बघितली होती, म्हणून बॉम्ब पिशवीत होता असं त्यांनी ठरवलं, म्हणून पिशवीवाला हवा होता. पिशवीवाला तर आमच्या घरचा होता, मेलेला. आणि ज्याने खरोखर काहीतरी कुठेतरी ठेवलं, तो त्या दिवशी शाळेचं मैदान खणताना बघायला गर्दीत उभा असेल. घरी गेला असेल, जेवला असेल. त्याला कुणी शोधलंच नाही, कारण शोधून झालं होतं. या माणसाला टांगताना त्यांनी त्या खऱ्याला मोकळं सोडलं. माझा माणूस त्यांनी पळवला. मी भाऊ म्हणत नाही, भाऊ गेलाच होता, मी म्हणते ज्याचा गळा मला हवा होता तो माणूस. मला त्याऐवजी हे दोन मोडके खांदे दिले आणि आम्ही वर्षानुवर्षं त्याच्यावर समाधान मानलं. लोक अजून वाद घालतात की हाल करावेत की नाहीत, धर्म काय, अधर्म काय. मला विचारा. मला धर्माशी घेणं-देणं नाही. मला सूड हवा होता, आणि त्यांनी तो एका दुपारी, घाईघाईत, चुकीच्या माणसावर उधळून टाकला. माझा होता तो.

आई खिडकीपाशीच होती. विचारलंस? तिने म्हटलं. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, क्रमाने, हो हो हो पासून टेबलावरच्या पिशवीपर्यंत. दोरीचं सांगितलं तेव्हा तिने मान वळवून पडद्याकडे बघितलं, त्या मोकळ्या लोंबणाऱ्या बाजूकडे. म्हणाली, लाल दोरी काय, ढिगाने मिळते. मी म्हणाले, आई, गाठ आतल्या बाजूला होती. तिचा हात मांडीवर उपडा होता, तो तिने सावकाश उताणा केला आणि तळव्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती रडेल, बारक्या गेला तेव्हा रडली नव्हती तशी. मला वाटलं आता आम्ही दोघी मिळून कुणाला तरी नव्याने शाप देऊ. ती रडली नाही. वर बघितलं तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि चेहरा इतका सुटल्यासारखा होता की मला भीती वाटली.

"म्हणजे पिशवी त्याच्याकडे होती," ती म्हणाली. "बारक्याकडून घेतली त्याने. झोपला होता तेव्हा डोक्याशेजारून घेतली."

मी म्हणाले, अगं, त्यांनी दाखवली त्याला, टेबलावर. ती म्हणाली, हे तो सांगतो. मी म्हणाले, तो म्हणाला बारक्या उंच होता. ती म्हणाली, खाली पडलेला माणूस उंचच दिसतो. तिच्याकडे प्रत्येकाला उत्तर होतं, आणि मी हात बांधून बसले होते, कारण ही उत्तरं मला परकी नव्हती. मीही येताना रस्त्यात त्यातली एक-दोन शोधून बघितली होती. शेवटी ती उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि लहानपणी शाळेत पाठवताना बोलायची तशी बोलली. "परत विचार. पिशवी कशी घेतली ते विचार. आणि या वेळी नीट विचार."

मला वाटलं होतं तो आता येणार नाही. त्या दिवशी मी त्याच्या खांद्याला जे केलं त्यानंतर कुणीही शहाणा माणूस दुसरीकडे गेला असता. तो गुरुवारी आला, वेळेवर, शर्ट नीट घडी करून खुर्चीवर ठेवला. हेडमास्तरांना नमस्कार केला, त्यांनी ओळखीच्या पेशंटला करतात तसा परत केला. येणार नाही असं वाटलं होतं, असं मी पडदा ओढता ओढता म्हणाले. तो म्हणाला, नाही आलं तर न्यायला येतात ताई, त्यापेक्षा आपण आलेलं बरं. मग पाठीवर पडला, छताच्या पंख्याकडे बघितलं, आणि मी काही बोलायच्या आत, शेकाच्या आधी, काही लावायच्या आधी, उजवा हात स्वतःहून बाजूला घेऊन माझ्याकडे दिला.

"आज काय सांगायचंय ते आधीच सांगा," तो म्हणाला. "म्हणजे ताणायला नको."

मला सांगता आलं असतं. आईने घरून दिलेला प्रश्न तोंडात होता, आणि त्याचं उत्तरही तिने सोबत दिलं होतं, डोक्याशेजारून घेतली, झोपला होता तेव्हा. दोन्ही माझ्याजवळ होतं. फक्त त्याचा हात हवा होता, आणि तो त्याने आधीच पुढे केला होता.